पीच तोडणाऱ्या बाईचं पत्र

नोव्हाय, मिशिगन
९ फेब्रुवारी २०२५

ती. सुमंतदादास,
नीलूचा सा. न. वि. वि.

महिन्याचं पत्र नऊ दिवस उशिरा लिहिते आहे, म्हणून आधीच कान पकडते. सोबतचं जाडजूड पाकीट बघून तुला वाटलं असेल की मी राग घालवायला चकल्या पाठवल्यात. चकल्या नाहीत, चॅप्टर आहे. एक्केचाळीस पानं. मुद्दाम प्रिंट काढून पाठवते आहे, कारण स्क्रीनवर वाचायला लागलास की पाच मिनिटांत घोरतोस, हे मला आश्लेषावहिनीनेच सांगितलंय.

दादा, माझ्या प्रबंधाचा हा चौथा चॅप्टर म्हणजे माझा जीव आहे. रूझवेल्ट आणि जॉन्सन. दोघांनीही राष्ट्राध्यक्ष झाल्यावर गरिबांसाठी कायद्यांचा नुसता धडाका लावला, पण दोघांची रीत निराळी. रूझवेल्टचं म्हणजे हाताशी येईल ते करून बघायचं, जमलं तर ठेवायचं, नाही जमलं तर सोडून दुसरं धरायचं. आणि कायदा पास व्हावा म्हणून दक्षिणेतले खासदार ज्यांना वगळा म्हणतील त्यांना वगळायचं. म्हणून १९३८ च्या किमान मजुरीच्या कायद्यात शेतमजूर धरलेच नाहीत. जॉन्सन नेमका त्या वगळलेल्यांच्या मागे लागला. अठ्ठावीस वर्षांनी का होईना, काही शेतमजूर त्याच्या कारकिर्दीत त्याच कायद्यात आले.

एकतिसाव्या पानावर एक पत्र आहे, ते नीट बघ. जॉर्जियात पीचच्या बागेत फळं तोडणाऱ्या एका बाईने रूझवेल्टला पेन्सिलीने लिहिलंय. आम्हाला या कायद्यात मोजत नाहीत असं ऐकलं, आम्हीही दिवसभर उन्हात उभ्या असतो, आम्हालाही मोजा, एवढंच. वर तारीख ६/७/३८. कायद्यावर सही झाली २५ जूनला, म्हणजे हे पत्र सहीनंतरचं. तोवर ही माणसं गप्प होती, बाहेर राहिलो हे कळल्यावर बोलली, रूझवेल्टला आधी कळायला मार्गच नव्हता, असं मी मांडलंय. चॅप्टरचा सगळा डोलारा या एका पत्रावर उभा आहे.

समितीपुढचा डिफेन्स ११ एप्रिलला. बॉथेलच्या एका कॉलेजने शिकवायची नोकरी देऊ केली आहे, पण जूनच्या मध्यापर्यंत डिग्री हातात पाहिजे. नाही मिळाली तर नोकरी जाणार, नोकरी गेली की व्हिसा, आणि मग मी बॅगा भरून पुण्याला आईच्या दारात. तेव्हा लाल पेन घे आणि तुटून पड.

वहिनीला नमस्कार, इशिताला गालगुच्चा. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
नीलू


चँडलर, अ‍ॅरिझोना
२३ फेब्रुवारी २०२५

चि. नीलूस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट पोचलं. बॉथेलच्या नोकरीबद्दल अभिनंदन. आश्लेषाला फार आनंद झाला. तिने लगेच पुण्याला मावशीला फोन लावला आणि दोघी पाऊण तास बोलल्या. मी बाजूला बसून भेंडी चिरत होतो.

चॅप्टर अजून शेवटपर्यंत वाचलेला नाही. आमच्या चिप्सच्या कारखान्यात नवीन मशिनं बसताहेत, बारा-बारा तास पांढरा झगा घालून उभं राहावं लागतं, घरी आल्यावर डोळे उघडे राहत नाहीत. जेवढा चाळला तेवढा बरा वाटला.

एक विचारू? तीन वर्षांपूर्वी मी इथल्या मंडळात याच दोघांवर बोललो होतो, ते तुला आठवतं का? अकरा लोक होते, त्यातले सात जेवणाची वाट बघत होते आणि शशिकांत माईक लावायला आला होता म्हणून थांबला होता. तू व्हिडिओ मागवून घेतला होतास. सव्विसाव्या वर्षी रूझवेल्टच्या योजनेत टेक्सासमधल्या पोरांना कामाला लावणारा जॉन्सन पुढे गुरूच्याच वरचढ व्हायला निघाला, आणि गुरूने दारात उभं ठेवलेल्यांना त्याने आत बोलावलं, हे माझं वाक्य होतं. तुझ्या चौथ्या पानावर ते इंग्रजीत बघितलं. छान दिसतं इंग्रजीत. असो, वाक्याचा काही कुणी सातबारा काढत नाही.

आभाराचं पानही शोधलं. सापडलं नाही.

जळतो म्हण हवं तर. म्हणशील तर खोटं नाही. दहावीला इतिहासात मला जे मार्क होते ते शाळेत त्यानंतर दहा वर्षं कुणाला मिळाले नाहीत, आणि बाबांनी एका वाक्यात तो विषय संपवला. तू कोडिंगची नोकरी सोडून इतिहास करते म्हणालीस तेव्हा मावशीने दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं, आणि तिची समजूत मीच घातली होती. माझ्या खोलीत तीन कपाटं भरून पुस्तकं आहेत, नीलू. इशिता त्या खोलीला ‘डॅड्स म्युझियम’ म्हणते. तुझं मात्र त्याच पुस्तकांवर करिअर झालं. आता हे लिहून बसलोय तर खोडत नाही. आपण पत्र लिहायचं ठरवलं तेव्हा मीच म्हणालो होतो, दुसऱ्यांची पत्रं वाचून डॉक्टर होणार असशील तर स्वतःही चार खरी लिही.

थंडीत गाडी जपून चालव. आम्हा तिघांचा जीव तुझ्यात आहे, हे धरून चाल.

तुझा,
सुमंतदादा


नोव्हाय
१६ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि., आणि वर एक जादा नमस्कार, कारण तू चिडलायस.

ते वाक्य तुझंच आहे रे. खरंच सांगते, कुठून डोक्यात आलं तेच आठवत नव्हतं, व्हिडिओ पुन्हा बघितला आणि जीभ चावली. चौथ्या पानावर आता तळटीप आहे, तुझ्या नावासकट. आणि आभाराचं पान सगळ्यात शेवटी लिहितात, वेड्या. त्यावरून फुगून बसायला तू काय लग्नातला जावई आहेस?

तुझं जळणं वाचून मी आधी हसले, मग नाही हसले. माझ्या आईला, म्हणजे तुझ्या मावशीला, तू कसं पटवलंस ते मला माहीत आहे. आई अजून सांगते, सुमंतने शब्द टाकला म्हणून मी गप्प बसले. ते मी कधीच विसरणार नाही. पण तुला काय वाटतं, इथे मी मखरात बसलेय? चौतिसाव्या वर्षी दोन अनोळखी मुलींबरोबर एक बाथरूम वाटून घेते. तुझं घर, वहिनीच्या हातचं गरम जेवण, घरात कुणीतरी ‘डॅड’ म्हणणारं, हे बघून परत येताना विमानात मला काय होतं ते मी तुला कधी लिहिलेलं नाही.

बरं, कामाचं. चॅप्टर सगळ्यांनी वाचला. माझे गाईड म्हणाले उत्तम. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सौमित्र म्हणाला, यार, एकदम सॉलिड झालाय. आईला मराठीत सांगितला तर तिला रडूच आलं. सगळे छान म्हणतात आणि मी रात्री उठून पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसते. तुझंच उत्तर राहिलंय. दादा, काहीही खटकलं, स्वल्पविराम का असेना, तर पत्राबित्राची वाट बघू नकोस. फोन कर. पहाटे कर, मी मीटिंगमध्ये असले तरी कर.

पाडव्याला वहिनी श्रीखंड करणार असेल तर माझ्या नावाची एक वाटी इशिताला दे. तुझ्या फोनची वाट बघते आहे.

नीलू


चँडलर
२९ मार्च २०२५

चि. नीलूस,
खूप खूप आशीर्वाद.

आज एकदाचा चॅप्टर संपवला आणि लगेच लिहायला बसलो. एक गोष्ट दिसली ती अशी.

एकतिसाव्या पानावरच्या बाईने ६/७/३८ लिहिलंय. तू ते ६ जुलै धरलंस. नीलू, ती अमेरिकन बाई आहे. ती महिना आधी लिहिणार. ते ७ जून आहे. आपण शाळेपासून दिवस आधी लिहितो, त्यामुळे डोळा तसाच वाचतो. कारखान्यात पहिल्या वर्षी मी अशाच एका तारखेपायी एक अख्खा लॉट चुकीच्या महिन्यात टाकून चार लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, म्हणून मला दिसलं. ज्या दप्तरखान्यातल्या खोक्यात तुला हे पत्र मिळालं, त्याच खोक्यातल्या आणखी पत्रांची यादी तू मागे जोडलेली आहेस. तिच्यात ५/१९/३८ अशी एक तारीख आहे. एकोणिसावा महिना तर नसतो ना.

आता याचा अर्थ बघ. पत्र सहीच्या अठरा दिवस आधीचं आहे. म्हणजे ती माणसं गप्प नव्हती. त्यांनी वेळेत सांगितलं होतं, आम्हालाही मोजा म्हणून. रूझवेल्टच्या दाराशी ते पत्र येऊन पडलेलं असताना कायदा तसाच पुढे गेला. त्याला कळायला मार्ग नव्हता म्हणून तू त्याला सोडून दिलंस, ते आता करता येणार नाही. जॉन्सनशी तुलनाही बदलते. एकाने ऐकू आलं तरी खासदारांची मतं फुटू नयेत म्हणून थांबवून ठेवलं, दुसऱ्याने मतं हाताशी आल्यावर ऐकलं. दोघांचीही मतांची गणितं होतीच, फक्त वेगळ्या पानावरची. तुझा चॅप्टर याने मोडत नाही, उलट कितीतरी चांगला होतो.

बाकी क्षेम. मंडळाच्या पाडव्याला यंदा गर्दी होती, शशिकांतने तीनदा श्रीखंड घेतलं आणि नंतर पार्किंगमध्ये पोट धरून बसला. तुझी वाटी इशिताने खाल्ली.

पत्र वेळेत पोचेल अशी आशा. इथलं पोस्ट हल्ली फार रखडतं. डिफेन्सला शुभेच्छा, आणि सगळ्यांचे आशीर्वाद पाठीशी आहेतच.

तुझा,
सुमंतदादा


नोव्हाय
१६ एप्रिल २०२५

सुमंतदादा,

नमस्कार.

डिफेन्स शुक्रवारी झाला. पहिला तास छान गेला. मग समितीतल्या बाहेरच्या युनिव्हर्सिटीच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी चष्मा पुसत विचारलं की हे पत्र जुलैचं आहे हे मी कशावरून ठरवलं. मी म्हटलं, तारीख आहे ना वर. त्यांनी फार सौम्यपणे सांगितलं की या देशात महिना आधी लिहितात. सहा वर्षं या देशात राहते आहे, बँकेत, दवाखान्यात, व्हिसाच्या फॉर्मवर महिना आधी लिहिते, आणि जुनं पिवळं पत्र हातात आल्यावर मी पुण्याची झाले. गाईडनी मान खाली घातली, ती मी जन्मात विसरणार नाही.

सह्या झाल्या नाहीत. चौथा चॅप्टर नव्याने लिहून ३० मेच्या आत द्यायचा, मग ते ठरवणार. बॉथेलवाले १५ जूनपर्यंत थांबतील. त्यानंतर त्यांच्या यादीतला पुढचा माणूस.

तुझं पत्र सोमवारी आलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पोस्टाला मनसोक्त शिव्या दिल्या. सोळा दिवस लागले म्हणून. मग पाकीट उलटं केलं. शिक्का ८ एप्रिलचा. तरी मी स्वतःला म्हटलं, दादा टाकायला विसरला असेल, गाडीत राहिलं असेल. मग पुन्हा वाचलं आणि शशिकांतच्या श्रीखंडाशी आले. मंडळाचा पाडवा ५ एप्रिलला होता. शनिवार होता म्हणून तुम्ही तेव्हा ठेवलात, वहिनीने त्याच दिवशी फोटो पाठवले, तू त्यात मागे डिश घेऊन उभा आहेस. २९ मार्चला लिहिलेल्या पत्रात ५ एप्रिलचं श्रीखंड कसं आलं, दादा?

पत्रांच्या तारखा तपासणं हे माझं काम आहे. एकदा चुकले. दुसऱ्यांदा नाही.

तुझ्याजवळ फोन होता. मी पाया पडून सांगितलं होतं, फोन कर.

उत्तर लिही किंवा नको लिहूस.

नीलांबरी


चँडलर
२२ एप्रिल २०२५

चि. नीलूस,

आशीर्वाद लिहायचा मला अधिकार नाही, तरी सवयीने हात तिकडे जातो.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. पत्र ७ एप्रिलला लिहिलं. वर २९ मार्च घातली, उशीर पोस्टाच्या माथी मारता यावा म्हणून. श्रीखंडाचं लक्षातच आलं नाही.

त्याहून वाईट सांगतो. चूक मला एप्रिलमध्ये दिसली नाही. १६ फेब्रुवारीला, रविवारी दुपारी, एका बैठकीत चॅप्टर वाचून काढला होता. शेवटपर्यंत वाचला नाही असं पुढच्या आठवड्यात लिहिलं, ते धादांत खोटं. एकतिसाव्या पानावर मी पेन्सिलीने गोल केला होता. मला इतका आनंद झाला नीलू, की मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. तुझ्या गाईडना दिसलं नाही, ते चँडलरच्या एका इंजिनियरला दिसलं. फोन उचलायला निघालो होतो, खरंच.

मग मी खाली बसलो आणि चूक दुरुस्त करून तो चॅप्टर मनात पुन्हा वाचला. किती सुंदर झाला असता तो! आणि तो तुझा झाला असता. लोकांनी तुझी पाठ थोपटली असती आणि मी चौथ्या पानावरच्या तळटिपेत राहिलो असतो, तेवढीही तेव्हा नव्हती. ते मला सोसलं नाही. मी रबराने तो गोल खोडला. आश्लेषाने विचारलं, नीलूचं काही कळवायचं आहे का. मी म्हटलं, काही नाही, छान लिहिलंय.

सोमवारी, ७ एप्रिलला, फोन हातात घेतला, तुझा नंबर काढला, आणि पुन्हा ठेवला. पत्र लिहिलं म्हणजे सांगितल्यासारखं होईल आणि पोचणारही नाही, एवढा हिशेब मी केला. तू नापास व्हावंस असं मला वाटलं नव्हतं, असं लिहिणार होतो. पण तेही खोटं ठरेल. शुक्रवारी दिवसभर मशिनीपुढे उभा राहून मी वाट बघत होतो, की कुणीतरी तुला ती तारीख विचारावी. तू अडकल्याचं आश्लेषाने सांगितलं तेव्हा क्षणभर बरं वाटलं. त्यानंतर आजतागायत जेवण गोड लागलेलं नाही, पण त्याने तुझं काय भरून येणार.

आश्लेषाला सगळं सांगितलंय. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. इशिताने काय झालं विचारलं, तिलाही सांगितलं. ती म्हणाली, दॅट्स सो मीन, डॅड, आणि खोलीत निघून गेली.

माफी मागतो. तू ती द्यावीस असं म्हणत नाही.

सुमंत


नोव्हाय
११ मे २०२५

ती. सुमंतदादास,
सा. न. वि. वि.

‘ती.’ पुन्हा लिहिलंय. तीन आठवडे विचार करून लिहिलंय, त्यामुळे त्याचा फार अर्थ लावत बसू नकोस. तुला माफ केलेलं नाही. आईला काही सांगितलेलं नाही, तेही तुझ्यासाठी नाही, तिच्या ब्लडप्रेशरसाठी.

सोबत नवा चॅप्टर आहे. चव्वेचाळीस पानं. त्या बाईचं पत्र आता एकतिसाव्या पानावर नाही, पहिल्याच पानावर आहे, ७ जूनच्या तारखेने. तू एका पानात जे लिहिलं होतंस ते मला दहा पानांत मांडावं लागलं, आणि मांडताना प्रत्येक ओळीला तुझा राग येत होता, कारण ते बरोबर होतं. रूझवेल्टला आता मी सोडलेलं नाही. कुणी काही सांगितलंच नाही, असं त्याला म्हणता येत नाही. त्याने ते पत्र स्वतः वाचलं की नाही हे मला माहीत नाही, तसं लिहिलंयही. पण वेळेत दाराशी आलेली गोष्ट वेळेत आत घेतली नाही, एवढं तरी त्याच्या खात्यावर राहतंच. हे लिहिताना मला तूच दिसत होतास. जॉन्सनचेही मी फार गोडवे गायलेले नाहीत. त्याला रूझवेल्टच्या पुढे जायचं होतं. त्या हट्टापायी त्याने केवढं तरी करून दाखवलं, आणि तिकडे व्हिएतनामच्या लढाईत बरंचसं घालवलं. पण पुढे जायचं म्हणून का होईना, केलं.

आता एक सांगते, जे मी फेब्रुवारीत सांगायला हवं होतं.

तुझं जळणं मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. अ‍ॅडमिशन मिळाल्याचं कळवलं तेव्हा तू बरं म्हणालास. फेलोशिप मिळाली, तेव्हाही बरं. पहिला लेख छापून आला, तेव्हा तू त्यातली छपाईची चूक दाखवलीस. मी चिडायचे, मग हसायचे. आणि हा चॅप्टर लिहून झाला तेव्हा मी गाईडना दिला, सौमित्रला दिला, सगळ्यांनी छान म्हटलं. त्यांचा माझ्यावर जीव आहे, त्यांना मी पार व्हायला हवी होते. मला असा एक माणूस पाहिजे होता जो एकही चूक सोडणार नाही. माझा हेवा करणारा, आणि पुस्तकं माझ्याइतकी वाचलेला, असा एकच माणूस मला माहीत होता. म्हणून तुला पाठवला, दादा. तुझं प्रेम बघून नाही पाठवला.

आणि तू शोधलीस. मला, गाईडना, सौमित्रला जी सापडली नाही ती तुला एका रविवारी दुपारी सापडली. मी अगदी बरोबर माणूस निवडला होता. म्हणून तर मला इतकं लागलं.

नव्यातही काहीतरी चुकलेलं असणारच. शोध. पाहिजे तेवढा जळ, जळत जळत वाच, प्रत्येक ओळीवर बोट ठेव. ३० मेला पाकीट जातं. काही दिसलं तर मला लिहायचं नाही. माझा नंबर तोच आहे.

वहिनीला आणि इशिताला खूप प्रेम. तुझा लोभ जेवढा उरला असेल तेवढा चालेल, नजर मात्र पूर्वीसारखीच असू दे.

नीलू